आत्राम सिस्टर आणि बारा नावं

आत्राम सिस्टर माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहायच्या. आधी हात पाहायच्या. रुग्ण असो, त्याला घेऊन आलेला भाऊ असो की बदली होऊन आलेला नवा डॉक्टर, समोर येणाऱ्याला पहिलं वाक्य एकच असे : "हात पाहू द्या." लोक गोंधळून दोन्ही तळवे पुढे करत. मग त्या ते उलटे करायला लावत आणि नखं पाहत.

एकदा पोट दुखतं म्हणून एक बाई आली होती. घरच्यांच्या मते तिने शिळं खाल्लं होतं. सिस्टरांनी तिचे हात नाकाजवळ नेले, वास घेतला आणि डॉक्टर यायच्या आत तिची साडी बदलून, साबणाने अंग धुऊन तिला खाटेवर घेतलं. बाई सकाळपासून कपाशीवर फवारणी करणाऱ्या नवऱ्याला औषध कालवून देत होती. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. सिस्टरांच्या नोंदवहीत त्या दिवशी एवढंच होतं : "हाताला औषधाचा वास. कपडे काढले. अंग धुतलं. वेळ ११.२०."

त्यांचे स्वतःचे हात कोपरापर्यंत उघडे असत. बांगडी नाही, अंगठी नाही, घड्याळही नाही. घड्याळ छातीवर पिनेने लावलेलं. सासूला हे कधीच पटलं नाही. सुनेचे हात लंकेच्या पार्वतीसारखे दिसतात असं ती शेजारणींना सांगे. सिस्टर वाद घालत नसत. त्यांच्या बांगड्या कपडे बदलायच्या खोलीत एका स्टीलच्या डब्यात असत. ड्यूटी संपली की हात धुऊन बांगड्या भरायच्या आणि मगच फाटकाबाहेर पडायचं. पस्तीस वर्षांत हा क्रम बदलला नाही.

त्या मारेगावकडच्या एका गोंड पाड्यावरच्या. हात धुताना त्या गोंडीत आकडे मोजत. उंदी, रंड, मूंद असं संथ सुरात सुरू होई आणि बराच वेळ चाले. नव्या मुलींना वाटे, बाई मंत्र म्हणतात. बशीरभाईंनाही पहिली दोन वर्षं तसंच वाटत होतं. बशीरभाई म्हणजे वॉर्डाचे सफाई कामगार, पन्नाशीचे, पानाचे शौकीन. एक दिवस त्यांनी विचारलं, "बाई, हे कायचं जप करून राह्यल्या?" ती नुसती मोजदाद आहे हे कळल्यावर ते हसले आणि मग स्वतःही गोंडीत मोजू लागले. त्यांच्या तोंडी ते आकडे उर्दूसारखे ऐकू येत.

हे सारं यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयातलं. मी त्या काळी एका दैनिकाचा तालुक्याचा वार्ताहर होतो. अपघात, साथ, सर्पदंश यांच्या बातम्यांसाठी आठवड्यातून दोनदा तरी तिथे जावं लागे. सिस्टरांनी मला कधी बातमी दिली नाही. चुकीची बातमी छापून आली की मात्र कात्रण पुढे ठेवत आणि चुकलेल्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ असे.

कोरोनाच्या काळात संरक्षक पोशाखाचे खोके आले. पोशाख कसा घालायचा याची चित्रं भिंतीवर लागली. सिस्टरांचं लक्ष मात्र तो काढण्यावर होतं. "घालतानी चुकलं त पुन्हा घालता येते. काढतानी चुकलं त घरी घेऊन जाता," असं त्या सांगत. पण सांगून हे कोणाला पटत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी किराणा दुकानातून कपड्यांना घालायची नीळ आणवली. ती पाण्यात घट्ट कालवली, पोशाख चढवलेल्या प्रत्येकाच्या हातमोज्यांना चोपडली आणि सांगितलं, आता काढा. काढून झाल्यावर प्रत्येकाला आरशापुढे उभं केलं. कोणाच्या मनगटावर निळा पट्टा, कोणाच्या कानामागे बोटाचा ठसा. निळं दिसलं की पुन्हा पहिल्यापासून.

रुग्णालयाचे अधीक्षक भले गृहस्थ होते. आपल्याला हे येतं, असं सांगून त्यांनी एकाच दमात पोशाख उतरवला आणि तसेच राऊंडला निघून गेले. अर्ध्या वॉर्डाने त्यांच्या नाकाचा निळा शेंडा पाहिला. शेवटी बाळंतिणीच्या खोलीतल्या एका आजीने विचारलं, "साहेब, नाकाले काय लागलं वो?" दुसऱ्या दिवशी अधीक्षक नीळ लावून घ्यायला स्वतःहून आले आणि चौथ्या खेपेला पास झाले.

सगळ्यांत आधी पास झाले होते बशीरभाई. सिस्टरांनी त्यांना एक काम दिलं. पोशाख काढायच्या बारा पायऱ्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या हातात दिल्या. कोणी पोशाख काढत असेल तर बशीरभाईंनी समोर उभं राहून एकेक पायरी मोठ्याने वाचायची आणि त्यांनी वाचल्याशिवाय समोरच्याने हात हलवायचा नाही, मग तो कोणीही असो. बशीरभाईंचं देवनागरी वाचन अडखळत चाले. सिस्टरांच्या मते म्हणूनच ते या कामाला योग्य होते. घाईत वाचणं त्यांना जमतच नव्हतं.

कोरोना ओसरला, पुठ्ठा भिंतीवर राहिला. सिस्टर दर महिन्याला नीळ कालवत राहिल्या. लोक हसत.

मग एका वर्षी पोळ्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी महागावकडून एक ऑटो आला. आत दिवाकर नावाचा चाळिशीचा शेतकरी होता, सोबत बायको रंजना आणि धाकटा भाऊ. तीन दिवसांपासून ताप, कंबर मोडल्यासारखं दुखणं, डोळे लाल, उलट्या. डेंग्यूचा हंगाम होता. तपासणी कक्षातल्या तरुण डॉक्टरने कागदावर "डेंग्यू संशयित" लिहिलं. बाहेरगावी प्रवास? नाही. प्राण्यांशी संपर्क? भाऊ म्हणाला, नाही. त्याच दिवशी एका अपघाताच्या बातमीसाठी मी तिथे होतो. खाट सरकवायला हात कमी पडत होते म्हणून मी एक बाजू धरली. दिवाकरला उलटी झाली, तिच्यात लाल रेषा होत्या. बशीरभाईंनी हाताशी होतं ते फडकं घेऊन ती पुसली.

सिस्टर तेव्हा आल्या. परिचारिका तापाचं इंजेक्शन भरत होती. सिस्टरांनी सवयीप्रमाणे हातमोजे चढवले आणि दिवाकरचे हात उलटे केले. बोटं अजून हळदीने पिवळी होती. म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे त्याने स्वतः मळले होते. दोन्ही अंगठ्यांच्या नखांच्या कडेला मात्र हळद नव्हती. तिथे काळपट, वाळलेली रेघ होती.

"बैल नवा हाय का?" त्यांनी भावाला विचारलं.

"हो ना. पोळ्याच्या आंधीच बाजारातून आणला."

"गोचीड होते अंगावर?"

"लय होते. पोळ्याले असा कसा न्या बैल? भाऊनं दिवसभर बसून साफ केला."

"कायनं?"

भावाने दोन्ही अंगठ्यांची नखं एकमेकांवर ठेवून दाबून दाखवली. त्या भागातल्या प्रत्येक गोठ्यात गोचीड असाच मारतात.

सिस्टरांनी कागदावरच्या "नाही"वर बोट ठेवलं. हे कोणी सांगितलं, असं विचारलं. भाऊ चकित झाला. "डॉक्टरसाहेबानं प्राण्यांचं इचारलं. मले वाटलं कुत्रं, माकड. बैल का प्राणी असते का सिस्टर? घरचाच असते तो."

मग पुढच्या पाच-सात मिनिटांत त्यांचा आवाज न चढता सगळं घडलं. इंजेक्शन खाली ठेवायला लावलं. दिवाकरला कुशीवर वळवून पाहिलं. गावात कोणीतरी दोन दिवसांपूर्वी कमरेत सुई दिली होती, त्या टोचणीतून अजून रक्त पाझरत होतं. दंडावर रक्तदाबाचा पट्टा बांधला होता, तिथे बारीक लाल ठिपके उठले होते. हिरड्यांच्या कडा लाल होत्या. सिस्टरांनी डॉक्टरला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, गोचिडापासून होणारा रक्तस्रावाचा ताप असू शकतो, काँगो ताप म्हणतात तो. तो रक्तातून, उलटीतून माणसाला लागतो. अहवाल येईपर्यंत तोच आहे असं धरून चालू.

डॉक्टरला ते अति वाटलं. गावभर घबराट होईल, असं तो म्हणाला.

"डेंग्यू निघाला त तुम्ही आयुष्यभर मले हासा," सिस्टर म्हणाल्या. "मी बी हासतो तुमच्यासंगं. पण हे दुसरं निघालं अन् आपण आज हात धुतले नाई, त हासायले कोण राहीन?"

मागच्या अंगाची कोरोनाची खोली उघडली. तिला वेगळा संडास होता, अंगणाकडे दार होतं आणि काचेची मोठी खिडकी होती. तापमापक, रक्तदाबाचं यंत्र, भांडी, सगळं त्या खोलीतलं त्याच खोलीत राहणार होतं. स्नायूत इंजेक्शन नाही. सुई टोचायची ती मोजून, टोचली की तिथल्या तिथे सुयांच्या डब्यात. उलटी सांडली त्या फरशीवर ब्लीचिंगचं पाणी ओतलं आणि ते मुरेपर्यंत कोणाला पाय टाकू दिला नाही.

नंतर त्या वही घेऊन अंगणात बसल्या. ताप चढल्यापासून दिवाकरला, त्याच्या कपड्याला, खाटेला कोणाकोणाचा हात लागला, ते एकेकाला बोलावून विचारलं. नावं बारा झाली. रंजना, भाऊ, ऑटोवाला, गावातला सुई देणारा, डॉक्टर, परिचारिका, स्ट्रेचर ओढणारे दोघे, बशीरभाई, शेजारच्या खाटेवरची म्हातारी आणि तिची सून. मी सांगितलं की मी लांब उभा होतो. सिस्टर म्हणाल्या, "हात पाहू द्या." तळव्यावर खाटेच्या गंजक्या दांड्याची तांबूस खूण होती. बारावं नाव माझं.

बशीरभाईंच्या तर्जनीला पत्र्याने कापल्याची ताजी जखम होती. सिस्टरांनी ती बराच वेळ पाहिली. वहीत नोंद केली.

पुढचे चौदा दिवस या बारा जणांना रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सहा वाजता ताप मोजायचा होता. सिस्टर स्वतः फोन करत. पहिल्या संध्याकाळी मी सांगितलं, ताप नाही. पलीकडून उत्तर आलं, "ताप नाई हे तुम्ही नका ठरवू. आकडा सांगा." सुई देणारा गृहस्थ आपण सुई दिलीच नाही म्हणत होता. तिसऱ्या दिवशी तो निमूट आकडे सांगू लागला. सिस्टरांनी त्याला रागावून नाही, फक्त दर तासाला फोन करून वळवलं.

चौथ्या दिवशी पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवलेल्या दिवाकरच्या रक्ताचा अहवाल आला. काँगो तापच होता. यवतमाळहून पथक आलं, औषधं आली, रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशींच्या पिशव्या आल्या. या अवस्थेत रुग्ण हलवू नये, इथली व्यवस्था नीट आहे, असा निर्णय पथकाने दिला. फाटकासमोरच्या हॉटेलवाल्याने कर्मचाऱ्यांना काचेच्या ग्लासात चहा देणं बंद केलं. बशीरभाई घरून स्वतःचा कप घेऊन जाऊ लागले आणि हॉटेलवाल्याला रोज न चुकता सलाम करू लागले.

एका दुपारी यवतमाळचे मोठे डॉक्टर दिवाकरला तपासून बाहेर आले. घाईत होते. त्यांनी हातमोज्याला हात घातला तेव्हा समोरून बशीरभाईंचा आवाज आला, "थांबा साहेब. मी अजून वाचलं नाई." डॉक्टरांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर खिडकीकडे पाहत होत्या. बशीरभाईंनी पुठ्ठा डोळ्यांजवळ धरला आणि पहिली पायरी अक्षर लावत वाचली. बाराव्या पायरीपर्यंत मोठे डॉक्टर शाळेतल्या मुलासारखे उभे होते. जाताना त्यांनी तो पुठ्ठा मागितला. सिस्टरांनी त्यांना त्याची प्रत लिहून दिली.

रंजनाला खोलीत जाऊ देत नव्हते. ती दिवसभर खिडकीशी उभी असे. नवऱ्याच्या हिरड्यांतून रक्त येताना पाहून तिचा हात आपोआप पदराकडे जाई. माणूस तिकडे, आपण इकडे नुसतं उभं कायले राहायचं, असं ती एकदा सिस्टरांना चिडून बोलली. सिस्टरांनी तिला वही-पेन्सिल दिली. आत कितीदा पाणी पिलं, कितीदा लघवीला गेला, उलटी झाली की नाही, हे खिडकीतून पाहून वेळ लिहायची. रंजना सातवी शिकलेली. त्या वहीतले आकडे नर्सच्या वहीशी ताडले जात आणि दोनदा रंजनाचे बरोबर निघाले.

सातव्या दिवशी नाकातून येणारं रक्त थांबलं. आठव्या दिवशी दिवाकरने भाकरी मागितली. रंजनाने वहीत लिहिलं : "१०.१५. भाकर म्हणाला."

नवव्या दिवशी सकाळी सातच्या फोनवर बशीरभाईंनी आकडा सांगितला. एकशे एक.

त्या दिवशी सिस्टर पहिल्यांदा जेवणाचा डबा न उघडता परत घेऊन गेल्या, असं परिचारिकेने मला नंतर सांगितलं. बाकी क्रम तोच. शेजारची खोली तयार होती. बशीरभाई स्वतः चालत आले, पान थुंकून, तोंड धुऊन. दारात त्यांनी हात पुढे केले. जखम भरत आली होती. सिस्टरांनी रक्त घेतलं, एकात एक अशा तिहेरी डब्यात बंद केलं, गाडी रवाना केली. मग पोशाख काढायला बाहेर आल्या. पुठ्ठा वाचणारा माणूस आत होता. त्यांनी काचेवर टकटक केलं. बशीरभाई खाटेवरून उठून खिडकीशी आले आणि पुठ्ठा न बघता बाराही पायऱ्या पाठ म्हणाले. सिस्टरांनी एकेक पायरी त्यांच्या आवाजावर उतरवली.

"बाई," झाल्यावर ते म्हणाले, "मले काही झालं त वाचायचं काम कोणाले द्याल?"

"कोणालेच नाई. तुम्हीच करान. झोपा."

इथलीच रक्ताची काचपट्टी दुपारी तपासली. मलेरिया निघाला. बातमी वॉर्डभर पसरली. मलेरिया झाला म्हणून एखाद्या रुग्णालयात इतका आनंद झाल्याचं माझ्या माहितीत दुसरं उदाहरण नाही. हॉटेलवाल्याने काचेच्या ग्लासात चहा पाठवला. सिस्टरांनी मात्र खोलीचं दार उघडलं नाही. एक ताप आहे म्हणून दुसरा नसेल असं कोणी सांगितलं, एवढंच त्या म्हणाल्या आणि पुण्याच्या अहवालाची वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी तो आला. काँगो नाही. मग त्यांनी दार उघडलं आणि आत जाऊन पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर बशीरभाईंची नखं पाहिली.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता माझा फोन वाजला. मी आकडा सांगितला. सत्त्याण्णव पॉइंट आठ. पलीकडे पेन्सिलीचा आवाज आला. बाराही नावांपुढच्या रकान्यांत अठ्ठावीस-अठ्ठावीस आकडे भरले होते. बशीरभाईंच्या ओळीतले तीन दिवस वर चढून खाली आले होते. काँगो ताप त्या एका खाटेच्या बाहेर कुठेही गेला नव्हता.

"झालं," सिस्टर म्हणाल्या. "आता बातमी लिहा. अन् गोचीड नखानं फोडू नका, हे मोठ्या अक्षरात लिहा. माझं नाव बारीक राहू द्या."

दोन दिवसांनी दिवाकर स्वतःच्या पायांनी चालत गेला. तरुण डॉक्टर फाटकापर्यंत सोबत होता. सिस्टरांना तो म्हणाला की हसायची संधी हुकली. सिस्टर म्हणाल्या, आता हासा की, आता हासायलेच सगळे राह्यले. आणि ते दोघंही खरोखर हसले.

पुढच्या पोळ्याला मी त्यांना शेवटचं पाहिलं. महिन्याभरात त्या निवृत्त होऊन मारेगावकडे गेल्या. पोळ्याच्या त्या संध्याकाळी फाटकापाशी गर्दी होती. दिवाकर बैलजोडी टेम्पोत घालून घेऊन आला होता. अंगावर झूल, शिंगांना बेगड. उजवीकडचा बैल तोच, बाजारातून आणलेला. रंजनाच्या हातात पुरणपोळीचा डबा होता. सिस्टरांनी बैलांना ओवाळावं, अशी दोघांची इच्छा होती. कोणीतरी ताट तयार करून आणलं. दिवा लागला. अधीक्षकसाहेब टोपी घालून उभे होते.

सिस्टर ताटाकडे गेल्या नाहीत. खिशातून हातमोजे काढून त्यांनी ते चढवले आणि बैलाचा कान उलटा केला. मग दुसरा. मग झूल उचलून काखेत पाहिलं, शेपटीखाली पाहिलं. दिवाकर हात जोडून म्हणाला, "एक बी नाई सिस्टर. औषध मारलं. चिमट्यानंच काढतो आता, मोजे घालून. साऱ्या गावाले सांगतलं." सिस्टरांनी मान हलवली, पण दुसरा बैलही तसाच पाहिला.

मग त्या अंगणातल्या नळाकडे वळल्या. बशीरभाई समोर येऊन उभे राहिले. पुठ्ठा नव्हता. हातमोजे उतरले. नळ सुरू झाला. ताटातला दिवा वाऱ्याने हलत होता, रंजना त्याला तळहाताने आडोसा करत होती. दिवाकर, अधीक्षक, तरुण डॉक्टर, बेगड लावलेले दोन बैल, सगळे थांबले होते. नळाशी दोन आवाज एका सुरात मोजत होते. उंदी, रंड, मूंद. कोणालाही घाई नव्हती.